अणुवीज : शासनाचा कागद आणि संसदेचा कायदा



गेल्या माघात पनवेल तालुक्यातील एका गावी वालावरच्या मावा किडीविषयी चार गोष्टी सांगायला गेलो होतो. काम आटोपले आणि मंडळींनी आग्रहाने पोपटीला थांबवून घेतले. मडके उतरेपर्यंत गप्पा सुरू झाल्या. तेवढ्यात ऐंशीच्या घरातले एक आजोबा नातीचा हात धरून आले. काखेत पत्र्याचा जुना डबा होता. त्यात सातबारे, नोटिसा, शासन निर्णयांच्या नकला आणि चार-पाच अर्जांच्या पोचपावत्या होत्या. आजोबांची जमीन नवी मुंबईच्या संपादनात गेलेली. नात कॉलेजात शिकते आणि त्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवते.

आजोबा म्हणाले, "साहेब, पोर सांगते की अणुवीज आता खासगी कंपन्याही काढणार आणि त्याचा दिल्लीत कायदा झाला. पण सरकारच्या मनात ते आधीपासून होतंच ना? मग कायदा कशाला लागला? जीआर पुरला नसता का?"

प्रश्न साधा वाटला, तरी जमिनीचा कागद जन्मभर सांभाळणाऱ्या माणसालाच तो सुचतो. त्या दिवशी बांधावर जे सांगितले, तेच आज थोडे विस्ताराने आपणा सर्वांपुढे ठेवतो. कारण अणुवीज प्रकल्प आज आपल्या गावात नसला, तरी "हे आश्वासन कशावर लिहिले आहे?" हा प्रश्न प्रत्येक शेतकरी कुटुंबाला कधी ना कधी पडतोच.

कच्चा बांध आणि पक्का बांध

खाडीकाठच्या आपल्या लोकांना खारबंदिस्तीचे वेगळे सांगायला नको. उधाणात बांधाला खांड पडली, की गावकरी मिळेल ती माती आणि पेंढा टाकून रातोरात ती बुजवतात. त्या वेळी ते करावेच लागते, नाहीतर खारे पाणी भातात शिरून तीन वर्षांचे पीक बुडते. पण ती तात्पुरती माती म्हणजे बांध नव्हे. दगडी पिचिंग करून, उघाडी बसवून बांधलेला पक्का बांध वेगळा.

राज्यकारभारातही असेच आहे. मंत्र्यांनी भाषणात सांगितले, ते झाले धोरण. सचिवांच्या सहीने कागद निघाला, तो झाला शासन निर्णय किंवा आदेश. तो लवकर निघतो हा त्याचा गुण. पण पुढचे सरकार तसाच दुसरा कागद काढून तो फिरवू शकते, हा त्याचा दोष. अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या नावे निघतो तो अध्यादेश. त्याला कायद्याचे बळ असते, पण अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली नाही, तर तो गळून पडतो. आणि संसदेने किंवा विधिमंडळाने चर्चा करून, मत घेऊन मंजूर केलेला, राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची संमती मिळालेला, तो कायदा.

कायदाही काळ्या दगडावरची रेघ नाही. केंद्राने २००५ साली केलेल्या ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्याजागी डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनेच दुसरा कायदा मंजूर केला. म्हणजे कायदाही बदलतो, पण तो उघड्यावर, सर्वांच्या देखत, निवडून दिलेल्या लोकांच्या मताने बदलावा लागतो. एका खोलीत एका सहीने बदलत नाही. फरक आहे तो एवढाच, पण हा फरक लहान नाही.

परदेशातही असेच चालते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी मे २०२५ मध्ये अणुऊर्जा वाढवण्यासाठी एकदम चार हुकूम काढले. पुढचा अध्यक्ष ते एका सहीने मागे घेऊ शकतो. ते टिकवायचे, तर तिथल्या संसदेकडून कायदा करून घ्यावा लागेल.

आपल्या घरातली दोन उदाहरणे

पहिले उदाहरण रोजगार हमीचे. वि. स. पागे यांनी मांडलेली ही कल्पना १९७२ च्या दुष्काळात योजना म्हणून राज्यभर राबवली गेली. 'मागेल त्याला काम' हे शब्द तेव्हाच घरोघरी गेले. पण ती शासनाची योजना होती. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या दिवसापासून काम मागणे हा मजुराचा हक्क झाला. काम मागणारा हात आता याचकाचा राहिला नाही.

दुसरे उदाहरण पनवेल-उरणचे. १९७० साली नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. मोबदल्यासाठी जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि दास्तान फाटा परिसरात गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण दिले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले आणि १९९० साली त्याचा शासन निर्णय निघाला. मोठे यश होते ते. पण त्यापुढे भूखंड प्रत्यक्ष हाती येईपर्यंत कित्येक घरांत एक पिढी म्हातारी झाली. आजोबांचा पत्र्याचा डबा त्याच वर्षांत भरत गेला. रक्त सांडून मिळवलेली गोष्टही नुसत्या निर्णयावर उभी असेल, तर तिच्यामागे वर्षानुवर्षे धावावे लागते. पनवेलकरांना हे शिकवायला बाहेरचा माणूस नको.

अणुऊर्जेचा कारभार कशावर उभा राहिला?

आता मूळ विषयाकडे येऊ. पनवेल-उरणच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की खाडीपलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. तिथे डॉ. होमी भाभा यांनी १९५४ साली अणुऊर्जा संशोधनाचे केंद्र सुरू केले. १९५६ साली 'अप्सरा' ही आपली पहिली अणुभट्टी तिथेच चालू झाली. पुढे १९६९ साली तारापूरला देशातील पहिली अणुवीज तयार झाली. भुईमुगाची 'टीएजी २४' ही जात आपल्यापैकी अनेकांनी पेरली असेल. तीही याच ट्रॉम्बेच्या संशोधनातून आली. तेव्हा अणुऊर्जा म्हणजे केवळ भीतीचे नाव नाही, हे आधी सांगून ठेवतो.

पण तिच्या कारभाराची घडी पाहा. १९४८ साली पहिला अणुऊर्जा कायदा झाला. १९६२ साली त्याच्या जागी नवा आला. त्याने अणुवीज केंद्र सरकारच्या आणि सरकारी कंपन्यांच्याच हाती ठेवली. धोरण ठरवणारा अणुऊर्जा आयोग मात्र १ मार्च १९५८ च्या सरकारी ठरावाने आजच्या रूपात उभा राहिला. आणि केंद्रे सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी १९६२ च्या कायद्याखाली काढलेल्या एका आदेशाने जन्माला आले.

म्हणजे केंद्रे चालवणारे खाते सरकारचे, त्यांच्यावर नजर ठेवणारे मंडळ सरकारच्या आदेशाने नेमलेले, आणि ते मंडळ ज्या आयोगाला बांधील, त्याचे अध्यक्ष म्हणजे त्याच अणुऊर्जा खात्याचे सचिव. राखणदाराला रोजगार देणारा तोच आणि पीक कापणाराही तोच, अशी ही गोष्ट झाली. राखणदार कितीही इमानी असला, तरी त्याने मालकाला हटकायचे कसे?

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात नेमके यावर बोट ठेवले. त्याआधी ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमाचा अपघात झाला होता. तिथेही सुरक्षेची संस्था अणुवीज वाढवणाऱ्या मंत्रालयाच्याच पदराखाली होती. अपघातानंतर त्या भागातले दूध आणि पालेभाज्या बाजारात पाठवायला बंदी आली. ज्या शेतकऱ्यांचा अणुकेंद्राशी काडीचा संबंध नव्हता, त्यांचा माल पडून राहिला. २०१२ साली जपानने कायदा करून वेगळी नियामक संस्था स्थापन केली. आपल्याकडे सप्टेंबर २०११ मध्ये तशा विधेयकाची मांडणी झाली, पण २०१४ साली लोकसभा विसर्जित होताच ते बारगळले. मंडळ पुढेही आदेशावरच चालत राहिले.

२०२५ चा नवा कायदा

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने धोरण जाहीर केले. २०४७ पर्यंत अणुविजेची क्षमता १ लाख मेगावॉटवर न्यायची, लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी रुपये ठेवायचे आणि खासगी भांडवलाला दार उघडायचे. त्या वर्षी देशाची क्षमता सुमारे ८,८०० मेगावॉट होती. यावरून उडी किती मोठी आहे ते ध्यानी येईल.

पण १९६२ चा कायदा खासगी कंपनीला आत येऊ देत नव्हता. धोरण कायद्याच्या वरचढ होत नाही. आजोबांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे की, जीआर म्हणूनच पुरला नसता. दुसरे उत्तर असे की, अणुकेंद्र म्हणजे पन्नास-साठ वर्षांची गुंतवणूक. आजच्या सरकारच्या कागदावर विसंबून कोण कंपनी हजारो कोटी ओतील? तिलाही पक्का बांध हवाच होता.

१५ डिसेंबर २०२५ रोजी विधेयक लोकसभेत आले. लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून त्याला 'शांती' म्हणतात. ते समितीकडे पाठवून नीट तपासावे ही विरोधी पक्षांची मागणी मान्य झाली नाही. १७ तारखेला लोकसभेने आणि १८ तारखेला राज्यसभेने ते मंजूर केले. २० डिसेंबर २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि अपघाताच्या भरपाईचा २०१० चा कायदा, या दोन्हींच्या जागी हा एकच कायदा आणला आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यातल्या चार गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली : भारतीय खासगी कंपन्यांना परवाना घेऊन अणुवीज केंद्र उभारता आणि चालवता येईल. युरेनियमचे समृद्धीकरण, वापरलेल्या इंधनावरची पुनर्प्रक्रिया आणि जड पाणी ही कामे सरकारकडेच राहतील.

दुसरी : नियामक मंडळाला अखेर कायद्याचा आधार मिळाला. १९८३ चा आदेश ४२ वर्षांनी कायद्यात आला. ही गोष्ट चांगलीच म्हणावी लागेल. मात्र सदस्यांची नेमणूक केंद्र सरकारच करणार. राखणदाराला मचाण पक्के मिळाले, आता तो हटकतो की नाही हे पाहायचे.

तिसरी : अपघात झाल्यास केंद्र चालवणाऱ्याने द्यायच्या भरपाईची कमाल मर्यादा. २०१० च्या कायद्यात वीज केंद्रासाठी ती १,५०० कोटी रुपये होती. आता अणुभट्टीच्या आकारानुसार पायऱ्या केल्या आहेत. सर्वात मोठ्यांना ३,००० कोटी, त्याखाली १,५००, ७५० आणि ३०० कोटी, आणि सर्वात लहानांना १०० कोटी. त्यावरची जबाबदारी एका ठरावीक आंतरराष्ट्रीय मर्यादेपर्यंत केंद्र सरकारची.

चौथी : २०१० च्या कायद्यात सदोष यंत्र पुरवणाऱ्या कंपनीकडून पैसे वसूल करण्याचा हक्क केंद्र चालवणाऱ्याला होता. परदेशी कंपन्यांना तो नको होता. नव्या कायद्यात तो काढला आहे. करारात तसे स्पष्ट लिहिले असेल किंवा मुद्दाम केलेले कृत्य असेल, तरच वसुली होऊ शकते. बियाणे उगवले नाही तर आपण दुकानदारासोबत बियाणे कंपनीलाही जाब विचारतो. इथे ती वाट बरीच अरुंद झाली.

तेव्हा बंधूंनो, 'कायदा झाला' एवढ्याने हुरळू नये आणि घाबरूही नये. पक्का बांध पाणी बाहेर ठेवतो, तसा उघाडी चुकीच्या जागी बसली तर पाणी आतही कोंडतो. कायद्याने हक्क कायमचे होतात, तशा मर्यादाही कायमच्या होतात. कोणती गोष्ट कायम केली, हे कलम वाचल्याशिवाय कळत नाही.

जमिनीचे काय?

आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न हा. राजापूर तालुक्यातील जैतापूर प्रकल्पासाठी माडबन, मिठगवाणे, करेल आणि निवेली भागातील सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली, ती इंग्रजांच्या १८९४ च्या कायद्याने. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे आंदोलनात गोळीबार होऊन एका मच्छीमाराचा जीव गेला. पुढे २०१३ साली राज्य सरकारने भरपाई वाढवून हेक्टरी साडेबावीस लाख रुपये केली. मूळ कायद्यात तशी तरतूद नव्हती. लोक उठले म्हणून सरकारने निर्णय घेतला.

१ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा आला. ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला आणि पुनर्वसनाचा हक्क त्याने दिला. पण त्याच्या चौथ्या अनुसूचीत १३ कायद्यांची यादी होती. त्या कायद्यांखाली जमीन घेतली, तर नवा कायदा लागू नव्हता. त्या यादीत राष्ट्रीय महामार्ग होते, रेल्वे होती आणि १९६२ चा अणुऊर्जा कायदाही होता.

या तेरांनाही मोबदल्याच्या तरतुदी एका वर्षात लागू करा, असे कायद्यात म्हटले होते. ते झाले कसे, ते पाहा. ३१ डिसेंबर २०१४ रोजी अध्यादेश निघाला. राज्यसभेत त्याचे विधेयक पुढे सरकेना, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढावा लागला आणि ३१ ऑगस्ट २०१५ रोजी गळून पडला. त्याच्या तीन दिवस आधी, २८ ऑगस्टला, केंद्राने एक आदेश काढून मोबदला, पुनर्वसन आणि पुनर्वसाहतीच्या सुविधा या तेरा कायद्यांनाही १ सप्टेंबरपासून लागू केल्या. शेतकऱ्याचा मोबदला वाचला, पण वाचला तो आदेशाने. सामाजिक परिणामांची पाहणी आणि जमीनमालकांची संमती या गोष्टी त्यात आल्या नाहीत.

कंपनीला मिळालेला परवाना संसदेच्या कायद्यात आणि शेतकऱ्याच्या मोबदल्याची एक महत्त्वाची बाजू सरकारी आदेशात, अशी ही विभागणी आहे. माझ्या मते, अणुप्रकल्पासाठी जमीन, पाणी किंवा किनारा गमावणाऱ्यांचे हक्क तितक्याच पक्क्या कायद्यात लिहिले गेले पाहिजेत. अणुवीज हवी की नको, यावर गावात दोन मते असतील. पण यावर दोन मते असण्याचे कारण दिसत नाही.

आपण काय करावे?

कोणत्याही प्रकल्पाची नोटीस आली, तर घाईने सही करू नये आणि घाईने फाडूही नये. आधी पाहावे, ती कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कलमाने आणि कोणत्या तारखेला काढली आहे. महामार्ग, औद्योगिक वसाहत, वीज केंद्र, प्रत्येकाचा कायदा वेगळा असतो आणि त्यानुसार आपला हक्कही बदलतो.

सभेत दिलेले आश्वासन लेखी मागावे. शासन निर्णय असेल तर त्याचा क्रमांक आणि दिनांक घ्यावा. राज्य शासनाचे निर्णय संकेतस्थळावर मराठीत मिळतात. घरातल्या शिकत्या मुलामुलींनी ते उतरवून घ्यावेत.

सातबारा आणि आठ अ यांवर वारसांची नावे लागली आहेत का ते आजच पाहावे. मुलींची आणि बहिणींची नावेही. मयत आजोबांच्या नावावर जमीन आणि मोबदला वाटपाच्या दिवशी भावाभावांत वाद, असे किती जागी पाहिले आहे! पिकांची, आंब्या-काजूच्या झाडांची आणि विहिरीची नोंद बिनचूक करावी. ई-पीक पाहणी दर हंगामात करावी. दूध संघाच्या आणि मासळी विक्रीच्या पावत्या जपाव्यात. भरपाई जमिनीची असो वा अपघाताची, उत्पन्न किती होते हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते. नोंद नाही तर नुकसान नाही, असे कचेरीत धरले जाते.

ग्रामसभेत ठराव करताना 'विरोध आहे' किंवा 'पाठिंबा आहे' एवढेच लिहू नये. काय हवे आणि ते कशात लिहून हवे, हे लिहावे.

आणि शेवटचे. संसदेने कायदा केला, की काम संपत नाही. अधिसूचना निघते, मग नियम येतात. २०१० चा भरपाईचा कायदा अमलात यायला ११ नोव्हेंबर २०११ उजाडले होते. तेव्हा आपल्या आमदार-खासदारांना भेटण्याची वेळ कायदा झाल्यावर संपते, असे समजू नका.

पोपटीचे मडके उतरले तेव्हा अंधार पडला होता. भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सुटला होता. आजोबांनी डबा मिटला आणि तो नातीच्या हाती दिला. म्हणाले, "आता हे तू सांभाळ. आणि नुसतं सांभाळू नको, वाच."

याहून अधिक मला काही सांगायचे नाही.